कुलूप आहे ना, मग झालं

"कुलूप आहे ना? मग झालं."

हे वाक्य म्हणताना काकू चष्मा कपाळावर सारायच्या, खुर्चीतून अर्ध्या उठायच्या आणि उजव्या हाताचं बोट कॉम्प्युटरच्या पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात टेकवायच्या. तिथे वेबसाइटच्या पत्त्याच्या आधी ज्वारीच्या दाण्याएवढं एक कुलपाचं चित्र असायचं. बोटाला कधी कणीक असे, कधी तेल. मी दर वेळी रुमालाने पडदा पुसायचो आणि दर वेळी तेच सांगायचो, "काकू, त्या कुलपाचा तसा अर्थ नाही हो." त्यावर त्या माझ्याकडे अशा बघायच्या, की जणू मीच कुठलं तरी कुलूप फोडताना सापडलो आहे.

मी वेबसाइट बनवतो. मोठ्या कंपन्यांच्या नव्हेत. केटरर, योगवर्ग, सोसायट्या, मंगल कार्यालयं असल्या गिऱ्हाइकांच्या. या धंद्यात केस लवकर पिकतात, आणि ते कामामुळे नाही, तेच ते ऐकून. "आमच्या वेबसाइटवर चोरण्यासारखं आहे काय? अळूवडीचा फोटो?" असं मला एका केटररने विचारलं होतं. त्याच वेबसाइटच्या पोटात शेकडो घरांचे पत्ते, फोन आणि कोणाकडे कुठल्या तारखेला कार्य आहे, म्हणजे ते घर कधी रिकामं असणार, याची यादी होती. एका सोसायटीच्या चेअरमननी मला शांतपणे सांगितलं, "मी तसलं काही बघतच नाही, मग मला व्हायरस कसा येईल?" व्हायरस चारित्र्याचा दाखला बघून आत येतो, अशी त्यांची समजूत होती. तुमच्याही ओळखीत अशी चार माणसं असतील. नसतील, तर स्वतःचा पासवर्ड एकदा आठवून बघा.

काकूंवर मात्र मला नुसतं चिडता येत नसे. त्याला कारण होतं. माझं लग्न त्यांच्या कपाटातून जमलं होतं.

काकू कर्वेनगरात एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या आणि बाहेरच्या खोलीत वधूवर सूचक केंद्र चालवायच्या. आधी त्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होत्या. यजमान लवकर गेले, मुलगा बेंगळुरूला स्थिरावला, आणि निवृत्तीनंतर पुस्तकांऐवजी माणसांच्या फाइली सांभाळायला लागल्या एवढाच काय तो फरक. खोलीत एक दिवाण, दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक राखाडी लोखंडी कपाट होतं. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला नव्हती, पर्समध्ये नव्हती. ती कुठे होती हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही.

आईबरोबर मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा काकूंनी नाव विचारायच्या आधी विचारलं, "पेन आहे?"

मला वाटलं त्यांना हवं आहे. मी दिलं. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

"फोन?"

फोन स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात गेला. डब्यात आधीच कोणा अनोळखी गृहस्थांचा फोन होता, आणि तो वाजत होता. काकूंनी झाकण लावलं.

"जाताना मिळेल. फाइल इथेच बसून वाचायची. लिहून घ्यायचं नाही, फोटो काढायचा नाही. पत्ता त्यात नाही, शोधू नका. स्थळ आवडलं तर मला सांगा, मी त्यांना विचारीन. त्यांनी हो म्हटलं, तरच पत्ता."

"आणि नाही म्हणाले तर?" मी जरा आगाऊपणे विचारलं.

"तर तुम्ही घरी जाऊन जेवा."

टेबलावर एक लांबट नोंदवही असायची, ग्रंथालयात असते तशी. कोण आलं, किती वाजता आलं, कुठली फाइल पाहिली, किती वाजता परत दिली आणि सही. एकदा एका निवृत्त न्यायाधीशांनी डब्यात फोन ठेवायला नकार दिला. काकूंनी त्यांना चहा दिला, फाइल दिली नाही. माझी बायको अजून म्हणते, की तिने माझा पत्ता मागितला नव्हता, काकूंनीच तो तिच्या गळ्यात मारला. पण वहीत तिची सही आहे. मी पाहिली आहे.

आणि अशा बाईला वेबसाइट विकली ती मी.

मला तेव्हा फार कळत होतं. मी त्यांना म्हणालो, "काकू, जग कुठे गेलं! अकोल्याचे, जळगावचे आईबाप काय पोळ्यांच्या डब्यात फोन ठेवायला पुण्याला येणार आहेत?" त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या.

"वही कुठे?"

"वेबसाइटला वही नसते, काकू." मी हसलोसुद्धा.

"आणि कपाटापाशी कोण बसणार?"

मला त्या दिवशी अजून दोन ठिकाणी जायचं होतं. मी पडद्यावरच्या त्या दाण्याएवढ्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हे बघा, कुलूप आहे."

हे मी कोणाला फारसं सांगत नाही. ते बोट आधी माझं होतं.

खरं तर त्या कुलपाचा अर्थ इतकाच, की तुम्ही टाइप केलेलं वेबसाइटपर्यंत जाताना वाटेत दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही. वेबसाइट भल्याची आहे की चोराची, आत पोचलेल्या माहितीपाशी कोण कोण जाऊ शकतं, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. चोराच्या वेबसाइटलाही कुलूप मिळतं, आणि फुकट मिळतं. हे मी काकूंना नंतर निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. पण त्यांचं गणित पक्कं बसलं होतं. "इथे कपाट उघडं असतं म्हणून मी राखणीला बसते. तिथे कुलूप आहे. मग झालं."

वेबसाइटवर प्रत्येक मुलामुलीला एक नोंदणी क्रमांक आणि एक पासवर्ड होता. सभासदांना एकमेकांचा बायोडेटा दिसायचा. पत्ता आणि फोन मात्र ज्याचा त्यालाच, स्वतःच्या खात्यात. सुरुवातीला पासवर्ड मी नीट दिले होते, आकडे-अक्षरं मिसळून. महिनाभरात काकूंनी मला बोलावून घेतलं.

"दुपारभर फोन. पासवर्ड विसरलो, पासवर्ड चालत नाही, मोठा एस की छोटा एस. मला दुपारी पडायला मिळत नाही. जन्मतारीख ठेवा. मुलीची जन्मतारीख कुठला बाप विसरतो?"

"काकू, जन्मतारीख तर बायोडेटावर छापलेली असते! वेळ, गाव, सगळं! पत्रिका बघायला तीच तर लागते! वर नोंदणी क्रमांकही तिथेच आहे!"

"मग बरंच की. शोधावी लागणार नाही."

मी वाद घातला. उदाहरणं दिली. दुसऱ्या दिवशी परत जाऊन कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी चित्र बघितलं, मला खोबऱ्याची वडी दिली आणि पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. शेवटी मी तसं करून दिलं. गिऱ्हाईक म्हणेल तसं करून देण्याला आमच्या धंद्यात सेवा म्हणतात.

काही वर्षं गेली. एके सकाळी मी मार्केट यार्डात एका लसणाच्या व्यापाऱ्याकडे होतो. बाहेर हमालांची आरडाओरड, मागे टेम्पो हॉर्न देतोय, आणि काकूंचा फोन.

"अहो वेबसाइटवाले, कुलूप गेलं."

"कुठलं कुलूप?"

"आपलं. तिथे आता दोन रेघा आणि दोन गोळे आलेत. कोणी काढलं?"

मला खरंच हसू आलं. ज्यातून आपण वेबसाइट बघतो तो ब्राउझर बनवणाऱ्यांनीच ते चित्र काढून टाकलं होतं. मी म्हणालो, "काकू, त्या कंपनीनेच काढलं. लोकांना वाटायचं कुलूप म्हणजे सगळं सुरक्षित. तसं नसतं, म्हणून काढलं."

मग त्या हळू म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं ते सुरक्षित नव्हतं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या ऐकायला तयार होत्या. मी सांगायला हवं होतं, की नव्हतं, मी आत्ता येतो, पासवर्ड आजच बदलू. पण लसणाचा व्यापारी घड्याळ बघत होता, आणि मी या विषयाला विटलो होतो. पन्नास वेळा सांगून झालेल्या माणसाला एकावन्नाव्या वेळी किती कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "आहे हो काकू, सुरक्षितच आहे. चित्र बदललंय फक्त. त्या रेघांवर क्लिक करा, आत दिसेल कुलूप."

त्यांनी केलं. "हो, आहे," म्हणाल्या. "मग झालं."

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी त्यांनी मला असाच फोन केला, पण आवाज निराळा होता. "हातातलं टाकून या."

दिवाणावर एक मुलगी बसली होती, मांडीवर ऑफिसची बॅग घट्ट धरून. अकोल्याची. इथे आयटी कंपनीत नोकरी, दोन मैत्रिणींबरोबर जवळच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. आईवडिलांनी गावाहूनच वेबसाइटवर नाव नोंदवलं होतं, पण ती एकदा येऊन काकूंना भेटून, फाइल आणि इथला पत्ता देऊन गेली होती; तो पत्ता काकूंनीच तिच्या खात्यात भरला होता. टेबलावर नोंदवही उघडी होती.

"सांग यांना," काकू म्हणाल्या.

"तो रोज सकाळी आमच्या गेटवर उभा असतो," मुलगी म्हणाली. "ऑफिसच्या बसपर्यंत मागे मागे येतो. काल वर आला, बेल वाजवली. मी त्याला नाही म्हटलं होतं, काकूंमार्फतच म्हटलं होतं. त्याला विचारलं, पत्ता कुठून मिळाला, तर म्हणाला, तुमच्या काकूंकडूनच." ती काकूंकडे वळली. "काकू, मी पुण्यात माझा ॲड्रेस फक्त तुम्हाला दिला होता. तुम्ही त्याला का दिला?"

काकूंच्या तोंडावर असा प्रश्न कोणी कधी विचारला नसेल. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.

"हिची फाइल या खोलीत चार जणांनी पाहिली. चौघांच्या सह्या आहेत. त्यात तो नाही. आता तुमच्या वहीत बघून सांगा."

मी लॅपटॉप उघडला. माझ्याकडे वही नव्हती. प्रत्येक खात्यात शेवटचं कोण आलं एवढीच नोंद होती, आणि त्या नोंदीप्रमाणे ती मुलगी स्वतःच आली होती. तिचा क्रमांक, तिची जन्मतारीख. वेबसाइटला आणखी काय कळणार?

तिला आलेल्या स्थळांना तिच्या खात्यातून परस्पर नकार गेले होते. तिने एकही पाठवला नव्हता. तिला वाटत होतं, त्याच्यानंतर आपल्याला स्थळंच आली नाहीत.

काय झालं असणार ते मी सांगितलं. तो माणूस सभासद होता. त्याचा स्वतःचा पासवर्ड त्याची जन्मतारीख होती, म्हणजे सगळ्यांचाच तसा असणार, हे कळायला हुशारी लागत नाही. हिचा बायोडेटा त्याच्यासमोर होता. वर क्रमांक, खाली तारीख. आत गेला, पत्ता वाचला, वरून दुसऱ्यांना नकार पाठवले आणि बाहेर आला.

काकू उठल्या. कॉम्प्युटरपाशी गेल्या, त्या दोन रेघांवर क्लिक केलं. आत कुलूप दिसत होतं.

"कुलूप आहे," त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य या वेळी आलं नाही.

मग मला म्हणाल्या, "आणखी किती मुलींचे पत्ते गेले?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे?"

"नोंद नाही, काकू."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "बंद करा," एवढंच म्हणाल्या. मी म्हणालो, आजच्या आज सगळे पासवर्ड बदलतो, फोनवर कोड जाईल असं करतो, नोंद ठेवतो, सगळं करतो. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून करता येत होतं. काकूंनी मला संपवू दिलं आणि म्हणाल्या, "हिने पत्ता मला दिला होता. तुम्हाला नाही. बंद करा."

मी त्यांच्यासमोर वेबसाइट बंद केली. मग आम्ही तिघं पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी विचारलं, "वेबसाइट सेफ नव्हती का?" काकू माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. "माझी आहे ती," म्हणाल्या, "मला विचारा." त्या माणसाला चौकीत बोलावून समज दिली गेली आणि तो गेटवर यायचा थांबला. मुलीने मात्र आधी फ्लॅट बदलला आणि दोन महिन्यांत पुणंच सोडलं.

पुढचे आठ दिवस काकूंनी घरोघरी फोन केले. वेबसाइटवर नाव असलेल्या प्रत्येक घरी. मी शेजारी बसून नंबर लावून द्यायचो. त्या एकच सांगायच्या, "तुमच्या मुलीचा पत्ता माझ्याकडून बाहेर गेला असेल. गेला की नाही ते मला सांगता येत नाही. चूक माझी आहे." मी म्हणालो, माझं नाव सांगा. त्या म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला कधी पाहिलंय?"

आणि लोक काय म्हणाले असतील? मला त्या आठ दिवसांत जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात आला नाही. "अहो, पण बंद कशाला केलीत?" हा पहिला प्रश्न. "पत्त्याचं काय एवढं! बायोडेटा आम्ही सगळ्या ग्रुपांवर टाकलाय." खरंच टाकलेला असतो. तुम्हीही पाहिला आहे: वर गणपती, मध्ये मुलीचा साडीतला फोटो, खाली जन्मवेळ, कंपनीचं नाव, घरचा पत्ता आणि वडिलांचा मोबाइल, आणि शेवटी "योग्य स्थळ असल्यास पुढे पाठवावे". कुरियरवाल्याला दाराच्या फटीतून बघणारी ही माणसं. पण मुलीचा पत्ता तीनशे अनोळखी फोनांत स्वतःच्या हाताने नेऊन ठेवतात. मी दात-ओठ खात बसायचो, काकू शांतपणे पुढचा नंबर सांगायच्या.

एका गृहस्थांनी विचारलं, "पण काकू, साइटला कुलूप होतं ना?"

काकूंनी डोळे मिटले. "त्या कुलपाचा तसा अर्थ नाही हो," म्हणाल्या, आणि मी पन्नास वेळा सांगितलेलं सगळं त्यांनी त्या गृहस्थांना माझ्या शब्दांत, एक शब्द न गाळता सांगितलं. म्हणजे ऐकत होत्या. सगळं ऐकत होत्या. एकदा कोणी न कंटाळता विचारलं असतं तर कदाचित मानलंही असतं.

त्यानंतर त्यांनी केंद्र आवरतं घेतलं. प्रत्येक फाइल ज्याची त्याला हातात नेऊन द्यायची ठरवलं. गुडघे दुखत असताना रिक्षाने, बसने जायच्या. एका फाइलीसाठी लोणी काळभोरला गेल्या. पोस्टाने पाठवा म्हटलं तर म्हणायच्या, "पोस्टाने आली होती का?" माझी जुनी फाइलही मला दिली. घरी येऊन, सही घेऊन. सात जणांनी पाहिली होती, सहा नकार. बायकोने ते मोठ्याने वाचून दाखवलं. काकू इतक्या हसल्या की ठसका लागला. त्या आमच्याकडे शेवटच्या आल्या त्या तेव्हा.

गेल्या वर्षी त्या गेल्या. आजारपण थोडक्यात आटोपलं. मुलगा बेंगळुरूहून आला, घर रिकामं करायला मला हाक मारली. पोळ्यांचा डबा मी मागून घेतला. कपाटाची किल्ली त्याच डब्यात, तळाच्या कागदाखाली होती. म्हणजे आम्ही सगळे आपापले फोन तिच्यावर ठेवत होतो.

कपाटात नोंदवही होती आणि एकच फाइल होती. वहीची शेवटची पानं मी उभ्या उभ्या वाचली. फाइल क्रमांक, परत दिल्याची तारीख, सही. ओळीमागून ओळ, एकही सही चुकलेली नाही. फक्त एका ओळीत सहीची जागा मोकळी होती आणि शेजारी काकूंच्या ग्रंथालयी अक्षरात लिहिलं होतं: "पुणे सोडले. नवा पत्ता विचारला नाही. येऊन घेऊन जाईल."

मुलगा म्हणाला, "तुमचं कामच हे, शोधून पाठवून द्या ना." बरोबर आहे. नाव, शिक्षण, कंपनी, जन्मतारीख, सगळं त्या फाइलीत आहे. तिचा आजचा पत्ता मला दहा मिनिटांत सापडेल, फार तर पंधरा.

मी शोधलेला नाही. फाइल आता माझ्या कपाटात आहे, वर वही आहे, आणि ती जागा अजून मोकळी आहे.